मल्टीला धर्मनिरपेक्ष असावं लागतं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी आधी तो थोडक्यात मांडतो. इंदूरच्या राजेंद्रनगरकडच्या तुमच्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या बहुमजली इमारतीत, ४८ फ्लॅट आहेत. पार्किंगमध्ये चौदा वर्षं दहा दिवसांचा गणपती बसतो. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहायला आलं. त्यांच्याकडे रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं प्रार्थनेला जमतात. ती बंद करा, असा काही जणांनी लकडा लावला. शेवटी वाद नको म्हणून सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: ‘भारत धर्मनिरपेक्ष राष्ट्र असल्याने मल्टीच्या आवारात, तसेच फ्लॅटमध्ये बाहेरच्यांना बोलावून, कोणताही धार्मिक कार्यक्रम करू नये. दाराबाहेर व पॅसेजमध्ये धार्मिक चिन्हे लावू नयेत.’ या तडाख्यात तुमच्या सासूबाईंची तुळस, दाराचं तोरण, समोरच्या घराचं ७८६ आणि तिसऱ्या मजल्यावरचा क्रूस, सगळंच आलं. तुम्ही कमिटीवर आहात. सूचना घटनेला धरून आहे का, आणि यंदा गणपतीचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं इंदूरच्या जिल्हा न्यायालयात आणि हायकोर्टाच्या खंडपीठात वकिली करतो आहे. मल्टी आणि कॉलन्यांची भांडणं माझ्याकडे सतत येतात. सेक्रेटरींचा हेतू चांगला होता, हे मी मानतो. कुणा एकाची बाजू न घेता सगळ्यांना एकच नियम लावावा, असं त्यांना वाटलं. पण सूचनेचं पहिलंच वाक्य चुकलंय. धर्मनिरपेक्ष राहण्याची जबाबदारी घटनेने राज्यावर टाकली आहे. राज्य म्हणजे केंद्र आणि राज्य सरकार, महापालिका, कलेक्टर कचेरी, सरकारी शाळा. सरकारला स्वतःचा धर्म नाही, तो यासाठी की तुम्हा-आम्हाला आपापला धर्म निर्धास्तपणे पाळता यावा आणि ज्याला पाळायचा नाही त्याला न पाळता यावा. सरकारवरचं हे बंधन उचलून रहिवाशांच्या दाराला लावलं, तर त्याचा अर्थ उलटा होतो.

हा गोंधळ थोडा शब्दामुळेही होतो. इंदूरला आपण दोन्ही भाषांत वावरतो, म्हणून सांगतो. घटनेच्या हिंदी उद्देशिकेत ‘पंथनिरपेक्ष’ हा शब्द आहे आणि मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. मराठी शब्द ऐकला की ‘धर्माशी काही देणंघेणं नाही’ असं वाटतं, आणि सेक्रेटरींचा तोच समज झालेला दिसतो. मला हिंदी शब्द इथे अर्थाला जवळचा वाटतो: कुठल्याही एका पंथाकडे न झुकणारं राज्य. हा शब्द उद्देशिकेत १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने आला. तो काढून टाकावा म्हणून गेलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. पण शब्द उशिरा आला तरी अनुच्छेद २५ ते २८ घटना लागू झाली तेव्हापासून, म्हणजे २६ जानेवारी १९५० पासून आहेत. राज्य सरकारं बरखास्त करण्याबद्दलच्या १९९४ च्या बोम्मई निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचं सांगितलं. त्या निकालात आपल्या मध्य प्रदेशाचं डिसेंबर १९९२ मध्ये बरखास्त झालेलं सरकारही होतं. म्हणजे तिथेही प्रश्न सरकारच्या वागण्याचाच होता.

आता अनुच्छेद २५ कडे या, कारण तुमच्या सासूबाईंची तुळस तिथे आहे. त्याचा मराठी मथळा सावकाश वाचा: ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्माचे मुक्त प्रकटीकरण, आचरण व प्रसार’. घटनाकारांनी नुसती श्रद्धा लिहिली असती तर ‘देव मनात ठेवा, दाराबाहेर आणू नका’ असं कुणी म्हणू शकलं असतं. त्यांनी प्रकटीकरण लिहिलं, म्हणजे श्रद्धा उघडपणे दिसू देणं. शिखांनी कृपाण धारण करणं हा त्यांच्या धर्माच्या प्रकटीकरणाचा भाग आहे, हे तर त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय. आणि १९५४ सालीच शिरूर मठाच्या आणि त्याच वर्षीच्या रतिलाल गांधींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्मात विचारांबरोबर बाह्य कृतीही धरल्या. पूजा, विधी, उपास, दिवा लावणं ही सगळी कृतीच आहे.

नव्या ज्युनियरला मी आधी बिजो इमॅन्युएल प्रकरण वाचायला देतो. केरळातली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. ही श्रद्धा आम्हाला पटते का, हे न्यायालयाने विचारलंच नाही. ती खरी आणि मनापासूनची आहे का, एवढंच पाहिलं. शेजाऱ्याची प्रार्थना आपल्याला विचित्र वाटते म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही, हे इतकं स्पष्ट करून सांगणारा दुसरा निकाल मला सापडलेला नाही.

आणि सरकारने धर्मापासून चार हात लांब राहावं, असंही आपल्याकडे कधी नव्हतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या मिलांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, तेव्हा रस्ते बंद करणं, दिवे, बंदोबस्त सगळं प्रशासनच बघतं. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, तसंच. राजवाड्याजवळच्या इमामबाड्याचा ताजिया होळकरांच्या काळापासून ‘सरकारी ताजिया’ म्हणूनच ओळखला जातो. सोय करून देण्यात घटनेची आडकाठी नाही. ती सोय एकाला देऊन दुसऱ्याला नाकारली, की तिथे अडतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग सूचनेविरुद्ध थेट हायकोर्टात जाऊ या. थांबा. वकिलीच्या चौथ्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. एका कॉलनीच्या रहवासी संघाविरुद्ध अनुच्छेद २५ चा आधार घेऊन हायकोर्टात रिट याचिका लावली. दुसऱ्याच पेशीला, म्हणजे सुनावणीला, ती फेटाळली गेली. रहवासी संघ हा अनुच्छेद १२ मधलं ‘राज्य’ नाही, त्यामुळे मूलभूत हक्कांची तक्रार त्याच्याविरुद्ध थेट चालत नाही, एवढ्या एका मुद्द्यावर. अशिलाचे पैसे आणि पाच महिने गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध असतात. अस्पृश्यतेवरचा १७ किंवा दुकानं, हॉटेलं, विहिरींवरचा १५(२) असे काही मोजके अनुच्छेद खासगी माणसालाही थेट लागू पडतात. २५ त्यांच्यातला नाही. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा फक्त पारशांनाच सदस्यत्व देणारा नियमसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. मला तो निकाल आजही अस्वस्थ करतो, पण कायदा तसा आहे आणि तुम्हाला तो माहीत असायला हवा.

त्यामुळे तुमच्यासमोरचा खरा प्रश्न वेगळा आहे: कुठल्या जागेवर कमिटीचा किती अधिकार, आणि तो सगळ्यांवर सारखा चालवला जातोय का?

याचं उत्तर बरंचसं तुमच्या कागदांवर आहे. मल्टीची नोंद कशाखाली झाली ते आधी काढा. मध्य प्रदेश सहकारी सोसायटी अधिनियम १९६० खाली असेल तर वाद कलम ६४ खाली रजिस्ट्रारकडे जातो. १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण कायद्याखाली नुसता रहवासी संघ असेल तर बहुतेक वेळा दिवाणी न्यायालय. प्रकोष्ठ स्वामित्व (म्हणजे फ्लॅटच्या मालकीच्या) अधिनियम २००० खाली फ्लॅटचं घोषणापत्र झालं असेल तर सामाईक जागा कोणत्या, हे त्यात लिहिलेलं असतं. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब मालक आहे की भाडेकरू, यानेही फरक पडतो. भाडेकरू असतील तर करारनामा बघावा लागेल. हे कागद न बघता छातीठोक उत्तर देणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका.

तरी काही गोष्टी जवळजवळ सगळीकडे सारख्याच असतात. फ्लॅटच्या आत कमिटीचा अधिकार नाही. बांधकाम, गळती, आग लागण्याचा धोका, शेजाऱ्याला खरोखरचा त्रास, एवढ्यापुरतंच ती बोलू शकते. घरी सत्यनारायण घाला, मिलाद ठेवा, रविवारी बायबल वाचा, गजानन महाराजांचं पारायण करा; त्याला ना सेक्रेटरींची परवानगी लागते ना पोलीस ठाण्याच्या टीआय साहेबांची. पंधरा-वीस पाहुणे म्हणजे एखाद्या बारशाची गर्दी. मात्र तोच फ्लॅट रोज सगळ्यांसाठी खुला, बाहेर पाटी, आत माइक, असं झालं तर ते घर न राहता प्रार्थनास्थळ होतं, आणि मग महापालिका व नगर निवेश (नगररचना) खात्याचे नियम लागतात. तुमच्या वर्णनावरून तसं अजिबात दिसत नाही.

दाराचं थोडं बारकाईने बघावं लागतं. चौकटीवरचं तोरण, ७८६, क्रूस यांनी कुणाची वाट अडत नाही, त्यांना हात लावायचं कारण नाही. पॅसेज मात्र सगळ्यांचा. गेल्या पावसाळ्यात एका मल्टीत मला जिना बघायला बोलावलं होतं. एका बाजूला पितळी गडवा आणि रांगोळीच्या डब्यासकट तुळशीचं सिमेंटचं वृंदावन, समोर चपलांचं कपाट, त्यापुढे मुलाची सायकल. आजारी माणसाला घेऊन स्ट्रेचर उतरलं असतं का, असं मी विचारलं. सगळे गप्प. सायकल, कपाट आणि वृंदावन एकाच दिवशी हललं, म्हणून कुणाचंच मन दुखावलं नाही. नुसतं वृंदावन हलवायला सांगितलं असतं तर ते भांडण माझ्या टेबलावर आलं असतं. तुमच्याकडेही पॅसेजचा नियम ‘वाट मोकळी ठेवा’ असाच करा. धर्माचं नावच काढू नका.

आता पार्किंगमधला गणपती. तुमच्यातले काही जण रागावतील, तरी सांगतो. पार्किंगमध्येच गणपती बसवण्याचा हक्क अनुच्छेद २५ देत नाही. ती जागा ४८ जणांच्या सामाईक मालकीची आहे आणि वापर आमसभेच्या ठरावाने होतो. चौदा वर्षांची परंपरा मोठी आहे. मी स्वतः रामबागेतल्या वाड्यात गणपतीसमोर पाठांतराच्या स्पर्धेत बोललोय, त्या दिवसांचं मोल मला कळतं. पण जो ठराव गणपतीला दहा दिवस देतो, त्याने नाताळच्या एका संध्याकाळसाठी किंवा इफ्तारसाठी अर्ज आला तर तोही त्याच कसोटीवर बघायला हवा: आधी अर्ज, ठरलेल्या तारखा, गाड्या काढायची सोय, जाताना झाडलोट.

पैशाचा मुद्दा लोक विसरतात, आणि माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. एका मल्टीत देखभाल खर्चाच्या हिशेबात ‘विविध खर्च’ या नावाखाली मूर्ती, मंडप आणि प्रसाद होता. एका रहिवाशाने ते पाहिलं आणि देखभालीचे पैसेच थांबवले. मग लिफ्टचं बिल थकलं. अनुच्छेद २७ म्हणतो, एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कुणालाही कर भरायला भाग पाडता येणार नाही. तो सरकारी करांबद्दल आहे, मल्टीच्या देखभालीला थेट लागू नाही. पण त्यातला न्याय कुणालाही पटेल असा आहे. वर्गणी वेगळी घ्या, पावतीपुस्तक वेगळं ठेवा, आणि ज्याने दिली नाही त्याचं नाव फलकावर लावू नका.

आवाजाचं मात्र कायद्याने पक्कं ठरवून दिलंय आणि त्यात धर्म बघितला जात नाही. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. उघड्यावर लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्याच साली मद्रासच्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिवर्धक लावून दुसऱ्याची शांतता मोडा, असं कुठलाही धर्म सांगत नाही. आपल्या राज्यात १३ डिसेंबर २०२३ ला नव्या मुख्यमंत्र्यांनी पहिलाच आदेश लाउडस्पीकरच्या मर्यादेचा काढला, तोही सगळ्या धर्मस्थळांसाठी होता.

एका प्रकरणात दोन्ही बाजूंना घेऊन मी संध्याकाळी साडेसातला गॅलरीत ध्वनिमापक धरून उभा राहिलो. शेजारच्या घरातल्या प्रार्थनेची तक्रार करणारे काका आधी बोलत होते, खालून आरती सुरू झाली, झांजा वाजल्या आणि आकडा सत्तरच्या वर गेला. हा क्षणाचा आकडा असतो, नियमातली मर्यादा काही वेळाच्या सरासरीची, हे मी त्यांना सांगितलं. तरी काका बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिले. मग शेजारची प्रार्थना मोजली, ती पन्नासच्या आत होती. तक्रार तिथेच संपली.

धर्मांतराच्या तक्रारीची कुणी धमकी दिलीय, असंही तुम्ही लिहिलंय. हे गंभीर आहे, म्हणून नीट समजून घ्या. १९७७ मध्ये आपल्याच राज्याच्या १९६८ च्या कायद्यावर, स्टॅनिस्लॉस प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आता २०२१ चा मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायदा आहे. त्यात बळजबरी, आमिष, फसवणूक करून धर्मांतर हा गुन्हा आहे. पण त्याच्या कलम ४ प्रमाणे तक्रार कुणी करायची तेही ठरलेलं आहे: ज्याचं धर्मांतर झालं किंवा करायचा प्रयत्न झाला तो स्वतः, त्याचे आईवडील किंवा भावंडं, आणि न्यायालयाच्या परवानगीने इतर नातेवाईक. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या अर्जावर पोलिसांना तपास करता येत नाही. घरात आपल्या लोकांनी मिळून प्रार्थना करणं तर यात बसतच नाही. उलट कायदेशीरपणे चाललेल्या प्रार्थनेत जाऊन मुद्दाम व्यत्यय आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या आरतीलाही तेच संरक्षण आहे. धमकी देणाऱ्यांना हे शांतपणे, एकट्यात सांगा. चारचौघांत सांगितलं तर ते हट्टाला पेटतील.

आणखी एक गोष्ट, जी फक्त कोर्टात वावरणाऱ्यालाच लवकर दिसते. तुमचं मिनिट्स बुक उघडा. सूचनेच्या आधीच्या बैठकीत फक्त त्या एका कुटुंबाची तक्रार नोंदली असेल आणि लगेच पुढच्या पानावर ‘सर्वांसाठी’ नियम असेल, तर न्यायाधीश दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचतील. नियमाची भाषा कितीही समान असली तरी तो कुणावर नेम धरून केला, हे तिथे उघडं पडतं. शिवाय एकट्या सेक्रेटरींच्या सहीने असा नियम होत नाही, आमसभेचा ठराव लागतो. त्यामुळे ती सूचना आजही फार टिकाऊ नाही.

रविवारी तुमची बैठक आहे म्हणता, तर एवढं करा. जुनी सूचना मागे घेतल्याची नोंद घ्या. नवी सूचना चार ओळींची असू द्या: पॅसेज आणि जिना मोकळा ठेवावा, सामाईक जागेचा वापर कुठल्याही कार्यक्रमासाठी सात दिवस आधी अर्ज देऊन, सगळ्यांना सारख्या अटींवर, रात्री दहानंतर वाद्यं आणि ध्वनिवर्धक बंद, पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर. ‘धर्म’ हा शब्द त्यात एकदाही येणार नाही, हे बघा. बैठकीच्या आधी तिसऱ्या मजल्यावर तुम्ही स्वतः जाऊन या, सासूबाईंना बरोबर घेऊन गेलात तर फार बरं. दोन वर्षांत त्या घरी कमिटीतलं कुणी गेलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आणि तुळशीची कुंडी गॅलरीत पूर्वेच्या कठड्याला हलवता येते का बघा. तिला तिथे पॅसेजपेक्षा जास्त ऊन मिळेल.